चढणीचे मासे आणि डॉ. सुंदरलाल होरा

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सिएटलजवळ इसाक्वा नावाचं गाव आहे. तिथे ओढ्याच्या काठावर सामन माशांचं बीजकेंद्र आहे. दर वर्षी शरद ऋतूत समुद्रातून परत आलेले सामन या ओढ्यातून वर चढतात आणि लोक पोराबाळांना घेऊन ते बघायला जातात. आम्हीही गेलो. बंधाऱ्याच्या बाजूला माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. हात-दीड हात लांबीचे ते मासे एकेक पायरी उडी मारून वर जात होते. काही जण मागे घसरून पडत आणि पुन्हा उडी मारत. माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, भारतातले मासे पण असे वर चढतात का? मी नेहमीप्रमाणे, माहीत नसताना बापाने द्यायचं ते उत्तर दिलं. बहुतेक नाही, म्हणालो.

रात्री व्हिडिओ कॉलवर तिने हाच प्रश्न आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारला. आमचं घर नाशिकजवळ देवळालीला. आबा हसले आणि मला म्हणाले की अरे, तू चढणीचे मासे विसरलास? मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की ओढ्या-नाल्यांतून, अगदी भातखाचरांतून मासे प्रवाहाच्या उलट वर चढायचे आणि गावातली पोरं रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन धावायची. कोकणात याला वलगण म्हणतात. शिवाय दारणेच्या खडकांना चिकटून बसणारे छोटे मासेही होते, हाताने ओढले तरी लवकर न सुटणारे. आबांनी दोन मिनिटांत माझी शिकवणी घेतली.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. जीवशास्त्र बारावीलाच सोडलेलं. पण ते खडकाला चिकटणारे मासे डोक्यातून जाईनात, म्हणून रात्री शोधत बसलो. आणि चक्क आमच्या देवळालीच्या माशांवरचे जुने शोधनिबंध सापडले! मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३०च्या दशकाच्या अखेरीला छापलेले. लेखक होते होरा आणि मिश्रा. हे होरा कोण, म्हणून पुढे वाचत गेलो आणि पुढचे काही शनिवार-रविवार त्यांच्याच नावावर गेले. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. म्हणून हा लेखप्रपंच.

सुंदरलाल होरा यांचा जन्म २ मे १८९६ रोजी पंजाबातल्या हाफिजाबादला झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. शाळा जालंधरला आणि कॉलेज लाहोरला. १९१९ मध्ये टॉमस नेल्सन अनान्डेल हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ लाहोरच्या कॉलेजात आले. १९१६ मध्ये कलकत्त्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली तेव्हापासून तिचे संचालक तेच होते. त्यांनी या तरुणातली चमक हेरली आणि त्याला कलकत्त्याला बोलावलं. आज आपण ज्याला कॅम्पस इंटरव्ह्यू म्हणतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की लाहोर ते कलकत्ता म्हणजे त्या काळी जवळजवळ परदेशच. भाषा वेगळी, हवा वेगळी, जेवण वेगळं. पंजाबच्या कोरड्या मुलखातला हा मुलगा माशांच्या बंगालमध्ये आला आणि आयुष्यभर तिथलाच होऊन राहिला.

१९२१ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीतच, मासे आणि सरपटणारे-उभयचर प्राणी यांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी मणिपूरचे मासे आणि तिथली मासेमारी यांवरचा त्यांचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. इथेच त्यांचं वेगळेपण दिसतं. त्या काळी मत्स्यशास्त्र म्हणजे मुख्यतः बाटलीतला मासा मोजायचा, खवले आणि परांचे काटे मोजायचे आणि लॅटिन नाव द्यायचं. होरांनी ते काम भरपूर केलंच. पण मासा जिथे राहतो तिथे जाऊन त्याला बघितल्याशिवाय तो कळणार नाही, हे त्यांनी धरून ठेवलं. खासी टेकड्यांतल्या आणि हिमालयातल्या फेसाळत्या ओढ्यांत त्यांनी माशांचं जगणं पाहिलं.

डोंगरातल्या ओढ्यात मासा वाहून का जात नाही? प्रश्न साधा आहे. होरांनी त्याचं उत्तर माशाच्या अंगावर शोधलं. अशा माशांचं पोट सपाट झालेलं असतं. छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरून खडकावर टेकतात. कल्ल्यांची फट खालून बंद होऊन वरच्या बाजूला सरकलेली असते. काहींच्या छातीवर कातडीच्या घड्या असतात, तर काहींच्या हनुवटीमागे चकतीसारखा अवयव असतो. आपल्याकडच्या मळ्या माशालाही अशी चकती असते. या मळ्याचं शास्त्रीय नावच मुळी आपल्या मराठी नावावरून पडलंय. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा त्यांनी अनेक माशांची स्थानिक नावं तशीच उचलली. गारा मुल्या मधला मुल्या म्हणजे आपला मळ्या. हे वाचून मला उगीचच अभिमान वाटला.

होरांनी दाखवलं की एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या घराण्यांतल्या माशांनी, इतकंच काय कीटकांच्या अळ्यांनी आणि बेडकांच्या पिलांनीसुद्धा, त्याच प्रवाहाला तोंड देताना सारखीच हत्यारं घडवली आहेत. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये हे काम छापून आलं. त्याआधी एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांना मिळाली होती आणि १९२९ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो झाले. ज्यांनी त्यांना कलकत्त्याला आणलं ते अनान्डेल मात्र हे बघायला नव्हते. ते १९२४ मध्येच गेले.

होरांचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात वादग्रस्त काम म्हणजे सातपुडा सिद्धान्त. आपला तर थेट संबंधच. ओढ्याला चिकटून राहणारे जे मासे त्यांनी आसाम-मेघालयाच्या डोंगरांत आणि पुढे मलाया भागात पाहिले, त्यांचेच भाऊबंद सह्याद्रीत सापडत होते. उदाहरणार्थ, बालिटोरा हा माशांचा गट ईशान्येकडे आहे आणि इकडे पश्चिम घाटातही. पश्चिम घाटातल्या एका जातीचं, बालिटोरा मायसोरेन्सिसचं, वर्णन होरांनीच १९४१ मध्ये केलं. मधल्या हजार-दीड हजार किलोमीटरच्या सपाट, उष्ण मुलखात मात्र हे मासे नाहीत. हे मासे ना समुद्रातून येऊ शकत, ना जमिनीवरून चालत. मग ते सह्याद्रीत आले कसे?

होरांचं म्हणणं असं. फार पूर्वी गारो टेकड्या आणि राजमहाल टेकड्या यांच्यामध्ये आज आहे तशी मोठी खिंड नव्हती. विंध्य-सातपुड्याच्या रांगा तेव्हा अधिक उंच आणि अधिक ओल्या होत्या, आणि त्यांवरून खळाळते ओढे वाहत होते. एक नदी झिजत झिजत शेजारच्या नदीचा वरचा भाग आपल्याकडे ओढून घेते, तेव्हा त्या पाण्यातले मासेही आपोआप दुसऱ्या नदीत जातात. अशा तऱ्हेने पिढ्यान्‌पिढ्या, ओढ्यामागून ओढा ओलांडत, हे मासे सातपुड्याच्या पुलावरून पश्चिमेला आले आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाला पोचून तिथून दक्षिणेला केरळापर्यंत पसरले. नंतर हवामान कोरडं झालं, मधला रस्ता तुटला, आणि दोन्ही टोकांचे नातेवाईक एकमेकांपासून कायमचे दूर राहिले.

अमेरिकेत बसून हे वाचताना मला काय वाटलं असेल ते या सदराच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आपण ज्यांना अस्सल सह्याद्रीचे म्हणतो ते मासे कोणे एके काळी स्थलांतर करून आलेले!

१९४९ मध्ये या सिद्धान्तावर राष्ट्रीय विज्ञान संस्थेचा खास परिसंवाद झाला. मुंबईच्या डॉ. सलीम अलींनी सातपुडा हा पक्ष्यांचाही महामार्ग होता का, यावर त्यात निबंध लिहिला. भूशास्त्रज्ञही चर्चेत उतरले. माशांपासून सुरू झालेला प्रश्न साऱ्या भारतीय द्वीपकल्पाच्या इतिहासाचा प्रश्न झाला.

हा सिद्धान्त बरोबर निघाला का? तर पूर्णपणे नाही. सातपुडा खरोखर तितका उंच आणि ओला होता याचे भक्कम पुरावे मिळाले नाहीत. पुढे डीएनएचा अभ्यास आला आणि दिसायला सारखे म्हणजे जवळचे नातेवाईक, हे गृहीतच काही ठिकाणी कोसळलं. पूर्वी हिमालयातला ताहर आणि निलगिरीचा ताहर हे तुटलेल्या नात्याचं ठळक उदाहरण म्हणून सांगत. २००५ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवलं की निलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या अधिक जवळचा आहे. गंमत बघा, वेगवेगळ्या घराण्यांतले प्राणी सारख्या परिस्थितीत सारखे दिसू लागतात, हे होरांनीच तर आयुष्यभर दाखवलं होतं. त्यांच्या एका शोधानेच त्यांच्या दुसऱ्या सिद्धान्तापुढे प्रश्नचिन्ह उभं केलं. तरीही आजसुद्धा भारतातल्या प्राण्यांच्या प्रसाराबद्दल कोणी लिहायला बसला की सुरुवात होरांपासून करावी लागते. आमच्या धंद्यात पहिलं व्हर्जन चुकांसकट बाहेर येतं आणि म्हणूनच पुढची व्हर्जन्स होतात. हे तसंच काहीसं.

होरा नुसते डोंगरात रमणारे नव्हते. बंगाली माणसाचा जीव की प्राण असलेला हिलसा, ज्याला आपण मुंबईकडे पाला म्हणतो, तोही सामनसारखाच. राहतो समुद्राच्या बाजूला आणि अंडी घालायला नदीत वर चढतो. तो नेमका कुठे अंडी घालतो, हे त्या काळी नीट ठाऊक नव्हतं. कलकत्त्याला पाणी पुरवणाऱ्या पल्ता इथल्या जलकेंद्रात गंगेचं पाणी गाळ बसण्यासाठी मोठ्या टाक्यांत साठवत. त्या टाक्यांत होरांना हिलशाची पिलं सापडली. गावाला पाणी पुरवणारी यंत्रणा त्यांनी प्रयोगशाळेसारखी वापरली आणि १९३८ मध्ये गंगेतल्या हिलशाच्या अंडी घालण्याच्या जागांवर निबंध लिहिला.

आणि १९४० मध्ये त्यांनी आणखी एक छोटा लेख लिहिला, धरणं आणि स्थलांतर करणारे मासे या विषयावर. तेव्हा देशात मोठी धरणं मोजकीच होती. नद्या अडवल्या तर चढणाऱ्या माशांचं काय, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला आणि त्याच्या वरच्या भागात, पार अलाहाबादपर्यंत मिळणारा हिलसा जवळजवळ नाहीसा झाला. होरांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. इसाक्वाच्या त्या पाण्याच्या पायऱ्या आठवल्या आणि मन जरा खट्टू झालं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होरांवर बंगालच्या मत्स्यविभागाची जबाबदारी आली. काळ फार वाईट होता. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोचलं होतं. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने १९४२ मध्ये बंगालच्या किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या, त्यात कोळ्यांच्या होड्याही गेल्या. १९४३ मध्ये तर भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं मेली. भात आणि मासे यांवर जगणाऱ्या प्रांतात मत्स्यविभाग सांभाळणं म्हणजे काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तळ्यांत मासे कसे वाढवायचे हा प्रश्न आता नुसता अभ्यासाचा राहिला नाही, तो पोटाचा झाला.

त्यात मोठी अडचण एकच होती. कटला, रोहू, मृगळ हे आपले मुख्य मासे तळ्यात वाढतात उत्तम, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली चढती नदीच लागते. त्यामुळे मत्स्यबीज मिळवायचं तर पुराच्या पाण्यातून गोळा करून मडक्यांतून लांबलांब न्यायचं, आणि त्यात नको असलेल्या माशांची पिलंही येणार. १९४५ मध्ये होरांनी हे मासे अंडी नेमकी कशामुळे घालतात, याची चिकित्सा केली. नवीन पावसाचं पाणी, पूर, काठावरची उथळ जमीन पाण्याखाली जाणं या सगळ्याचा त्यांनी विचार केला. म्हणजे आबा सांगत होते तीच चढण, पण शास्त्राच्या भाषेत.

इकडे त्यांच्या मूळ संस्थेचेही हाल झाले होते. बॉम्बच्या भीतीने प्राणी सर्वेक्षणाचा संग्रह १९४२ मध्ये बनारसला हलवला होता. १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि त्या अनमोल संग्रहाचं मोठं नुकसान झालं. १९४७ मध्ये होरांकडे संस्थेची सूत्रं आली. त्याच वर्षी फाळणी झाली. त्यांचं जन्मगाव आणि त्यांचं लाहोर दुसऱ्या देशात गेलं. आपण निदान तिकीट काढून गावी जाऊ शकतो.

संस्था पुन्हा कलकत्त्याला आली आणि होरांनी तिची घडी बसवली. कामाच्या रगाड्यातही ते जुन्या ग्रंथांत मासे शोधत राहिले. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठराविक दिवशी मासे मारायला आणि विकायला बंदी आहे, त्यावर त्यांनी लिहिलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथातल्या गळाने मासे धरण्याच्या प्रकरणावर १९५१ मध्ये निबंध लिहिला. मराठी ओवीचा जुना उल्लेख ज्यात येतो तोच हा बाराव्या शतकातला ग्रंथ. गळाला कोणतं आमिष लावावं, हेही राजाने त्यात लिहून ठेवलंय!

८ डिसेंबर १९५५ रोजी होरा गेले. वय अवघं ५९. दीडच वर्षाने, १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. होरांना छळणारा प्रश्न सुटला. आज महाराष्ट्रातल्या शेततळ्यांत जे कटला-रोहू वाढतात ते याच शोधामुळे, आणि हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. होरा आणि त्यांचे सहकारी टी. व्ही. आर. पिल्लई यांचं मत्स्यशेतीवरचं पुस्तक संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६२ मध्ये काढलं. तेही होरांना बघायला मिळालं नाही.

पण त्यांचं नाव माशांत राहिलंय. केरळच्या विहिरींत राहणाऱ्या आंधळ्या माशाला होराग्लानिस म्हणतात. आणि १९४० मध्ये डॉ. चं. वि. कुलकर्णी या आपल्या मराठी शास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यातल्या खाड्यांतून जेमतेम दोन सेंटिमीटरचा पारदर्शक मासा शोधला, त्याला नाव दिलं होराइक्थिस. आता त्याची गणना जपानच्या मेडाका माशाच्या गटात होते, म्हणजे होरांचं नाव तिथून गेलं, पण मासा आहे. याच कुलकर्णींनी पुढे सत्तरच्या दशकात लोणावळ्याला वळवण तलावाजवळ महसीर माशाची कृत्रिम पैदास करून दाखवली. महसीरसुद्धा चढणारा मासा, आणि त्याच्यावरही होरांनी पुष्कळ लिहिलं होतं. थोडक्यात, इसाक्वासारखं केंद्र आपल्याकडेही होतं. मलाच ठाऊक नव्हतं.

देवळालीच्या त्या निबंधांपैकी १९३८च्या भागात होरा आणि मिश्रा यांनी दारणा नदीतल्या एका नव्या माशाचं वर्णन केलंय. पॅरासायलोरिंकस प्रेटेरी त्याचं नाव. छोटासा, ओढ्यातल्या दगडांत राहणारा. मी ते चित्र आबांना पाठवलं. आबा म्हणाले, असाच होता, पण त्यांनी तो बघून चाळीस वर्षं तरी झाली असतील. आज हा मासा जगातल्या धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. ज्या नदीत मी पोहायला शिकलो, तिथल्या या रहिवाशाची ओळख मला पंजाबातून कलकत्त्याला गेलेल्या एका माणसाने ऐंशीहून अधिक वर्षांनी सिएटलला करून दिली.

पुढच्या जूनमध्ये सुट्टी घेऊन गावी जायचं ठरवलंय. एरवी आम्ही डिसेंबरमध्ये जातो, हवा बरी असते म्हणून. या वेळी मृगाच्या पावसात जाणार आहोत. चढणीचे मासे दिसतील का, हे आबांनाही सांगता येत नाही. मुलीने मात्र बॅटरी आत्तापासून बॅगेत टाकून ठेवली आहे.